खासदार लग्नाला येतात! पण त्यांच्या कामाचा हिशोब कुठे बघायचा?



मागच्या आठवड्यात वर्गात 'आपले लोकप्रतिनिधी' हा विषय घेत होते. फळ्यावर नगरसेवक, आमदार, खासदार असे तीन रकाने आखले आणि मुलांना म्हटलं, कोण काय काम करतं ते सांगा, मी लिहिते. नगरसेवकांचा रकाना पटापट भरला. पाणी, गटार, कचऱ्याची गाडी, खांबावरचे दिवे. आमदारांच्या रकान्यात रस्ता आला, सभामंडप आला. खासदारांच्या रकान्यापाशी मात्र वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, खासदार लग्नाला येतात."

वर्ग हसला, मीही हसले. पण फळा पुसताना वाटलं, पोराने खोटं काय सांगितलं? त्याने खासदार पाहिले ते लग्नातच. आणि तो रकाना मला स्वतःला भरायला सांगितला असता तर 'कायदे करतात' याच्या पुढे मी तरी काय लिहिलं असतं?

आपण शिक्षक मंडळी निवडणुकीत केवढं काम करतो बघा. मतदार यादीसाठी दारोदार आपणच, बीएलओ आपणच. आदल्या दिवशी मशीन घेऊन केंद्रावर जायचं, रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे साडेपाचला मॉक पोल, संध्याकाळी १७-क नमुना भरून प्रतिनिधींच्या सह्या. एका मताचा फरक पडला तरी घाम फुटतो. एवढ्या काटेकोरपणे ज्याला निवडून दिलं, त्याने पुढच्या पाच वर्षांत काय केलं हे मात्र आपल्यापैकी किती जण तपासतात? मी तरी तपासलं नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं आणि जे कळलं ते इथे मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपण सेवेत आहोत, वर्तणूक नियम आपल्याला लागू आहेत. अमुक खासदार चांगले आणि तमुक वाईट, असं या लेखात काही नाही. आपल्या जिल्ह्यात अहमदनगर आणि शिर्डी असे लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक 'अहमदनगर' या नावानेच झाली. संकेतस्थळावर शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सापडत नाही.) पुढे जे लिहिलं आहे ते दोन्ही खासदारांना लागू आहे, आणि उद्या जे कोणी निवडून येतील त्यांनाही.

आधी, कोणाला काय विचारायचं?

आमच्या नागापूरचंच उदाहरण घ्या. एका बाजूला एमआयडीसी, मधून नगर-मनमाड महामार्ग आणि वस्ती महापालिकेच्या हद्दीत. एका पालक सभेत एक वडील तावातावाने म्हणाले, "गल्लीतली गटार तुंबली, खासदार काय करतात?" त्यांचा राग खरा होता, पण पत्ता चुकला होता. गल्लीतली गटार महापालिकेची. एमआयडीसीच्या हद्दीतला अंतर्गत रस्ता एमआयडीसीचा. महामार्ग राष्ट्रीय, म्हणजे तो दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत. त्या महामार्गाबद्दल मात्र खासदारांना विचारायलाच हवं, कारण त्या मंत्र्याला सभागृहात उभं करून उत्तर मागायचा अधिकार आपल्या वतीने त्यांनाच आहे. नगरसेवकांना तो नाही, आमदारांनाही नाही.

चुकीच्या माणसाला जाब विचारला की तोटा दुहेरी होतो. गटार तशीच राहते, आणि खासदारांना जे विचारायचं ते विचारायचंच राहून जातं. खरं सांगायचं तर हे खासदारांच्याही पथ्यावर पडतं. गटारीवर "सांगतो साहेबांना" म्हणून एक फोन केला की माणूस खूश. त्या महिन्यात संसदेत काय मांडलं, हे कोणी विचारत नाही.

खासदार निधी: आधी गणित करू

खासदार म्हटलं की आपल्याला निधी आठवतो. बसथांब्यावर, व्यायामशाळेवर, शाळेच्या खोलीवर 'खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधीतून' असा फलक असतो. ही योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाली, नरसिंह राव पंतप्रधान असताना. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये होते. १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. कोरोनाच्या काळात एप्रिल २०२० मध्ये ती थांबवली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

५ कोटी ऐकलं की डोळे विस्फारतात. म्हणून मी हे मुलांना भागाकारासाठी दिलं. अहमदनगर लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: शेवगाव, राहुरी, पारनेर, अहमदनगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड. ५ कोटी भागिले ६, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघाला वर्षाला साधारण ८३ लाख. आणि मतदार जवळपास २० लाख. म्हणजे एका मतदारामागे वर्षाला २५ रुपये. मुलं म्हणाली, "एवढेच?" हो, एवढेच. दोन वडापावसुद्धा येणार नाहीत. केंद्र सरकार वर्षाला लाखो कोटी रुपये कुठे खर्च करणार यावर मत देणं हे खासदारांचं मोठं काम, आणि आपण त्यांना मोजतो या २५ रुपयांवर.

तरी हा पैसा आपलाच आहे, हिशोब मागायला हवाच. त्यासाठी एक शब्द नीट समजून घ्या: शिफारस. निधी खासदारांच्या हातात किंवा खात्यात येत नाही. खासदार कामाची शिफारस करतात. जिल्हाधिकारी कार्यालय, म्हणजे व्यवहारात नियोजन शाखा, ते काम नियमात बसतं का बघून मंजुरी देते. मग जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महापालिका अशी एखादी यंत्रणा ते करते. काम सार्वजनिक आणि टिकाऊ मालमत्तेचं हवं, धार्मिक स्थळासाठी किंवा खासगी फायद्यासाठी चालत नाही. वर्षाच्या निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो.

१ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आणि सगळा व्यवहार 'ई-साक्षी' या संगणक प्रणालीवर गेला. योजनेच्या संकेतस्थळावर खासदारनिहाय आकडे बघता येतात. तिथे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा: किती कामांची शिफारस, किती मंजूर, किती पूर्ण. शिफारसच कमी असेल तर प्रश्न खासदारांना. शिफारस भरपूर पण मंजुरी कमी असेल तर प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाला. मंजुरी आहे पण काम अर्धवट असेल तर प्रश्न यंत्रणेला आणि ठेकेदाराला. "निधी पडून आहे" अशी बातमी आली की आपण सरसकट खासदारांना बोल लावतो, आणि दुसऱ्या बाजूने खासदारांचे समर्थक सरसकट अधिकाऱ्यांना. आकडे बघितल्याशिवाय दोन्ही बाजूंना अर्थ नाही.

आता स्वतःची चूक सांगते, कारण ती अनेक शाळांत होत असणार.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात होते. दोन खोल्या गळक्या. पावसाळ्यात पहिली-दुसरीची मुलं व्हरांड्यात, एका कडेला माझा वर्ग, दुसऱ्या कडेला सहकारी बाईंचा. पाढे म्हणायला लागलो की दोन्हीकडचे आवाज एकमेकांत मिसळायचे. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला, खासदार निधीतून खोली मिळावी म्हणून आम्ही सुंदर अक्षरात पत्र लिहिलं आणि गावातल्या एका कार्यक्रमात एका कार्यकर्त्याच्या हातात दिलं. फोटो काढला, गटावर टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. झालं! दोन वर्षं आम्ही "पत्र दिलंय, खोली येणार" असं पालकांना सांगत राहिलो.

शेवटी मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन चौकशी केली, तर अशा नावाचं पत्र कुठेच नोंदलेलं नव्हतं. कार्यकर्त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मी तर पुढे दिलं होतं." त्याने दिलंही असेल. आमच्याकडे पोच नव्हती, आवक क्रमांक नव्हता, पत्रासोबत जागेचा उतारा नव्हता की अंदाजपत्रक नव्हतं. नव्हती म्हणजे आम्ही मागितलीच नव्हती. तोवर व्हरांड्यातली पहिलीची मुलं तिसरीत गेली होती. कोणाला दोष द्यायला आमच्याकडे कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

तेव्हापासून मी पत्र हातात देत नाही. खासदारांच्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने, प्रत नियोजन शाखेला, आणि दोन्हींची पोच शाळेच्या फाईलला. महिन्याभरात काही कळलं नाही तर माहितीचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा, कारण आपल्या राज्याचा नियम तसा आहे. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस दिलेत. अर्ज खासदारांच्या नावे करू नका, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेतल्या जन माहिती अधिकाऱ्याला करा. कामांची कागदपत्रं तिथेच असतात. "आमच्या शाळेला खोली का दिली नाही?" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. "अमुक वर्षात अमुक तालुक्यातील शाळांसाठी शिफारस झालेल्या व मंजूर झालेल्या कामांची यादी द्यावी" असं विचारायचं.

हा कायदा आपल्या जिल्ह्याला परका नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं ते राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठीच. देशाचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, म्हणजे याच लोकसभा मतदारसंघात. पण आपल्या किती शाळांनी हा अर्ज एकदा तरी केला असेल, शंकाच आहे.

'दिशा' समिती माहीत आहे का?

मला स्वतःला ही गोष्ट अलीकडे कळली. केंद्राच्या योजना जिल्ह्यात कशा चालल्यात हे बघायला एक समिती असते: जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, तिलाच 'दिशा' म्हणतात. २०१६ पासून ती या नावाने आहे. अध्यक्ष लोकसभेचे खासदार, सचिव जिल्हाधिकारी, आणि तीन महिन्यांतून एकदा बैठक अपेक्षित. तिच्यापुढे रोजगार हमी येते, घरकुल येतं, आणि आपल्या कामाच्या दोन मोठ्या गोष्टी येतात: समग्र शिक्षा आणि शालेय पोषण आहार.

म्हणजे बघा, खिचडीचा तांदूळ उशिरा का आला, वर्गखोलीचा हप्ता का अडला, हे विचारायचं अधिकृत टेबल खासदारांचं आहे! पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या मानधनात केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपयांचा आकडा ठरवला आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. राज्य आपली भर घालतं ते वेगळं. पण केंद्राचा आकडा बदलायचा तर तो विषय दिल्लीतच मांडावा लागणार, मुख्याध्यापकांच्या मासिक बैठकीत नाही. या समितीच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्तात काय लिहिलं, हेही माहितीच्या अर्जात मागता येतं.

संसदेतली हजेरी कशी वाचायची?

आपण हजेरीवाले लोक, म्हणून हे आपल्याला लवकर कळेल. लोकसभेत खासदार हजेरी नोंदवतात. दैनिक भत्ता त्या नोंदीवरच मिळतो. मार्च २०२५ च्या अधिसूचनेनुसार तो २,५०० रुपये आहे आणि मासिक वेतन १ लाख २४ हजार. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं, असं संविधानाच्या कलम १०१ मध्ये आहे. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचं पान आहे. प्रश्न, भाषणं, सगळं तिथे. आपल्या मोबाईलवर उघडतं.

पण हजेरीपटाचा अनुभव आपल्याला आहेच. पटावर टिकमार्क आहे म्हणजे पोरगं शिकलं असं नाही. खासदार सही करून निघून गेले तरी हजेरी लागतेच. उलट जे खासदार मंत्री होतात ते त्या पटावर सही करत नाहीत, म्हणून त्यांची हजेरी कोरी दिसते. निवडणुकीत असा कोरा रकाना फिरवून कोणाला 'दांडीबहाद्दर' ठरवलं तर तो खोटेपणा आहे.

प्रश्नांचंही तसंच. नुसती संख्या बघू नका, चार-पाच प्रश्न उघडून वाचा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. प्रश्न आपल्या भागाचा आहे का? की देशभराची आकडेवारी मागणारा साचेबंद आहे? उत्तर मिळाल्यावर त्याच विषयावर पुन्हा विचारलं का? मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकदा विचारून बातमी होते, पण काम व्हायचं तर दुसऱ्यांदा विचारावं लागतं. आपणही स्वाध्याय एकदा तपासून सोडून देत नाही ना.

नगरमध्ये जन्मलेले प्रा. मधु दंडवते कोकणातल्या राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून गेले. रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. त्यांचं नाव निघालं की लोक संसदेतली भाषणं आणि कोकण रेल्वेचा पाठपुरावा आठवतात. त्यांनी किती सभामंडप बांधले हे कोणी सांगत नाही. (आणि तेव्हा खासदार निधी नव्हताच!)

आपल्याच मतदारसंघाचा एक निकाल

मधल्या काळात खासदाराला परत बोलवायची सोय आपल्या कायद्यात नाही. मग पाच वर्षं काहीच करता येत नाही का? येतं, पण त्यासाठी पुरावा लागतो. याचं देशभर वकिलांना माहीत असलेलं उदाहरण आपल्याच मतदारसंघाचं आहे, आणि आपल्याच तरुण शिक्षकांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं, मी तेव्हा पाळण्यात होते.

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगरमधून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले. त्यांच्याविरुद्ध बाळासाहेब विखे पाटील उभे होते. निकालानंतर विखे पाटलांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. मुद्दा मतमोजणीचा नव्हता, प्रचारातल्या भाषणांचा होता. निवडणुकीतल्या पैशाच्या वापरावरून आपल्या चारित्र्याबद्दल खोटी विधाने केली गेली, अशी त्यांची तक्रार. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (४) नुसार, उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी खोटं विधान, ते खरं नाही हे माहीत असताना किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना करणं, हा भ्रष्ट आचार ठरतो.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १९९३ मध्ये गडाखांची निवड रद्द केली, आणि त्याच निकालात विखे पाटलांना निवडून आल्याचं जाहीरही केलं. प्रचारसभांतल्या भाषणांवरून शरद पवारांवरही ठपका ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथला निकाल आला: गडाखांची निवड रद्द, हे कायम. पवारांवरचा ठपका मात्र काढून टाकला. आणि विखे पाटलांना विजयी ठरवणंही रद्द केलं. म्हणजे खुर्ची दोघांनाही मिळाली नाही, ती परत मतदारांकडे आली. १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि दादा पाटील शेळके निवडून आले.

हे प्रकरण वाचताना दोन गोष्टी मला खटकल्या, आणि एक आवडली. कायदा म्हणतो, निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी. इथे अंतिम निकालाला दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तेव्हा ते तुलनेने लवकर झालं असं म्हणावं लागतं. दुसरं, एवढा मोठा निकाल आपल्या मातीतला असून सभांमधली भाषा त्यानंतर सुधारली असं काही वाटत नाही. आवडलेली गोष्ट ही की अशी याचिका फक्त हरलेल्या उमेदवारालाच करता येते असं नाही. त्या मतदारसंघाचा कोणीही मतदार निकालानंतर ४५ दिवसांच्या आत करू शकतो. कोणीही मतदार! आपण ज्याचं नाव यादीत घालायला दारोदार फिरतो, तोच तो.

संसद स्वतःही आपल्या सदस्यांवर कारवाई करते, अधूनमधून. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतल्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचं चौकशी समितीला आढळलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते, आणि चौकशीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. बडतर्फीच्या आधी मुद्गलांनी राजीनामा दिला. पुढे २३ डिसेंबर २००५ रोजी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून एकाच दिवशी ११ खासदारांची सदस्यत्वं गेली. त्यात आपल्या राज्यातले जळगाव आणि एरंडोलचे खासदार होते. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी स्पष्टच सांगितलं की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर संसदीय विशेषाधिकाराचं कवच मिळणार नाही. त्याआधी १९९८ च्या एका निकालामुळे ते कवच होतं.

प्रतिज्ञापत्र: सगळ्यात सोपा कागद

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र असतं. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, प्रलंबित गुन्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे बंधनकारक झालं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते जसंच्या तसं मिळतं. एकच प्रतिज्ञापत्र वाचून फारसं कळत नाही. एकाच व्यक्तीची दोन निवडणुकांची शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता वाढली म्हणजे लगेच काळंबेरं असं नाही, जमिनीचे भाव वाढले की कागदावर आकडा वाढतो. पण कर्ज कोणाकडून घेतलंय, कुठल्या संस्थेत भागीदारी आहे, हे वाचून पुढचे प्रश्न सुचतात. प्रलंबित गुन्हा म्हणजे शिक्षा नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा. आंदोलनातले गुन्हेही त्या यादीत असतात.

निवडणूक खर्चाचंही तसंच. आपल्या राज्यात लोकसभेसाठी २०२२ पासून ९५ लाखांची मर्यादा आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हार-तुरे, मांडव, गाड्या, चहा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्यांनी सभा स्वतः पाहिल्यात त्यांनी तो हिशोब जरूर वाचावा. करमणूकही होते.

वर्गात काय केलं?

आठवीला 'संसदीय शासन पद्धती' आहेच, पण मी लहान वर्गातही थोडं केलं. मुलांना घराजवळचे फलक शोधायला सांगितले: कामाचं नाव, निधी कोणाचा, रक्कम, वर्ष. पक्षाचं नाव वहीत लिहायचं नाही, हा नियम. नेमून दिलेलं काम दोन दिवसांचं होतं, मुलांनी आठवडाभर केलं. काही फलकांवर रक्कमच नव्हती, काहींवर वर्ष नव्हतं. एका मुलीने वहीत लिहून आणलं: "नाव मोठे आहे, रक्कम दिसत नाही." मी तिच्या वाक्याखाली काही लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण केली.

मागच्या बाकावरच्या आमच्या त्या मुलाने विचारलं, "मॅडम, मग खासदारांना पत्र लिहायचं का?" लिहू म्हटलं. मुलांनी ठरवलेला विषय महामार्गाचा होता: शाळा सुटताना रस्ता ओलांडायला जागा नाही. पत्र मुलांचं, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र, प्रत महामार्गाच्या कार्यालयाला. पोस्टात जाताना दोन मुलं बरोबर आली. काउंटरवरच्या काकांनी पावती दिली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "हरवली तर?" म्हणून आम्ही तिची झेरॉक्स काढून वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

आणि परवा जुन्या शाळेतल्या सहकारी बाईंचा फोन आला होता. त्यांनी या वेळी खोलीचं पत्र ठरावासह, उतारा आणि अंदाजपत्रक जोडून स्पीड पोस्टाने पाठवलं. नियोजन शाखेचा आवक क्रमांक मिळालाय. खोली अजून मिळालेली नाही. ३० दिवस पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतात, माहितीचा अर्ज त्यांनी आत्ताच लिहून ठेवला आहे. मी वाचला, दीडशे शब्दांत बसतोय.